रुळेपर्यंत

१२ मे, दुपारी

आत्या,

इथूनच वाकून नमस्कार. वर तारीख घातली आहे. विसरले असते तरी तुझा आवाज कानात आलाच असता, "तारीख-वार मेलेल्यांना नसतो, जिवंत माणसाने पत्रावर तारीख घालावी." तुझ्या दुसऱ्या नियमाप्रमाणे खोटं काही लिहिणार नाही. तिसऱ्याप्रमाणे फोनही करणार नाही, कारण फोनवर माणूस रडतं आणि पत्रात त्याला विचार करावा लागतो.

पोचले. वृद्धाश्रम दुमजली आहे. मला वरच्या मजल्यावर टोकाची खोली दिली आहे. पलंग, कपाट, एक खुर्ची. कामाची अडचण नाही. उठवणं, अंघोळ घालणं, भरवणं, चादरी बदलणं हे सगळं तुझा पाय मोडला होता तेव्हा केलेलंच आहे, आणि तुझ्याइतकं इथे कोणी ओरडत नाही. अडचण वेळेची आहे.

आत्या, इथे रात्रीचं जेवण संध्याकाळी पाचला असतं. आपल्याकडे तेव्हा दुपारची झोप काढून तू चहाची हाक मारतेस! जेवण झालं की सगळ्यांच्या कवळ्या धुवायच्या, आणि सहाला सगळे अंथरुणात. बाहेर ऊन असतं. समोरच्या मैदानात मुलं चेंडू खेळत असतात. आम्ही जाड पडदे ओढतो आणि मध्ये फट राहू नये म्हणून त्यांना कपडे वाळत घालायचे चिमटे लावतो. मग आमच्या मुख्य, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, प्रत्येक दारात उभ्या राहून सांगतात, "रात्र झाली."

इथे एक पाववाल्या आजी आहेत, माझ्यासारख्याच नव्या. जन्मभर पावाच्या कारखान्यात रात्रपाळी केली. दिवसा झोपायचं आणि रात्री कणीक मळायची, हे हाडात भिनलेलं. काल मोठ्या बाई त्यांच्या दारात "रात्र झाली" म्हणाल्या आणि तेवढ्यात मैदानात मुलांनी गोल केला. आजी मला हळूच म्हणाल्या, "इथली मुलं अंधारात छान खेळतात."

आम्हीही म्हाताऱ्या माणसांबरोबर पाचलाच जेवायचं, असा नियम आहे. आम्ही खाताना दिसलो की ती खातात. माझ्या घशाखाली काही उतरत नाही. आणि आपल्या घरी जेवणाची पानं मांडायची वेळ झाली की पोटात असा खड्डा पडतो की उठून बसते. तोवर स्वयंपाकघराला कुलूप. मग बसल्या बसल्या मनात ऐकते, वहिनी भात वाढते आहे, दादा तुझी नक्कल करतो आहे, जेवणं होऊन तुझा दरबार भरतो आहे. उजाडायच्या आत कामावर हजर व्हायचं असतं.

एक शंका. पाचला मी नुसता चमचा वरखाली करते. म्हाताऱ्यांना वाटतं मी जेवते आहे. हे खोटं बोलण्यात धरायचं का?

तुझी
शंकासुर


२ जून, जेवणं आटोपल्यावर, म्हणजे माणसांच्या वेळेला

शंकासुरा,

आशीर्वाद आहेत, ते तपासत बसू नकोस. पत्राला दहापैकी चार. चेंडूवाल्या आजींमुळे पास झालीस, स्वतःच्या पोटाबद्दल लिहिलंस तिथे नापास. चमचा वरखाली करणं हे खोटं नाही, बावळटपणा आहे. खोट्याला थोडी अक्कल लागते.

पोट हे पाळलेलं जनावर असतं. मालक घालेल तेव्हा खातं. तुझी आई गेली तेव्हा तू अंगावर पिणारी होतीस. मी बाटली पुढे केली की तोंड फिरवायचीस, घर डोक्यावर घ्यायचीस. तुझे बाबा म्हणाले, "ताई, मरेल ती पोर." मी म्हटलं, मरत नाही कोणी. चार दिवसांत तूच बाटली ओरबाडून घेतलीस. सवय लागेपर्यंत माणूस रडतं, लागली की तेच मागतं. एवढंच आहे जगात, बाकी सगळी गाणी.

तुम्हा दोघांना मी शाळेत न घालता घरात शिकवलं, तेही रात्री, कारण घंटा वाजली की धावणारी मुलं पुढे मेंढरं होतात असं माझं मत होतं आणि आहे. पण आता कळपात राहायला गेली आहेस तर मेंढरू हो. मध्येच पळून आलीस तर ना इथली ना तिथली.

इकडे तुझ्या वहिनीला दिवस गेले आहेत. नऊ वाजले की ताटावर पेंगते. परवा मी वाचत बसले होते तर दारात येऊन म्हणते, "आत्या, दिवा मालवता का? डोळ्यांवर येतो." मी म्हटलं, "पोटातल्याला आत्तापासून सवय होऊ दे. या घरात रात्री झोपणारे चोर समजले जातात." तुझा दादा हसला. ती नाही हसली. त्या मुलीला विनोद उकडून द्यावा लागतो.

आत्या


२० जुलै, दुपारी

आत्या,

मेंढरू व्हायचा प्रयत्न केला. जमलं नाही. आणखी काहीतरी केलं आहे, ते आधी सांगते.

पाववाल्या आजी सहाला पडदे ओढले की टक्क जाग्या असतात. दोन्ही हातांनी गोधडी मळत बसतात, अगदी कणकेसारखी. दुमडतात, दाबतात, वळवतात. मला म्हणाल्या, "आता कुठे माझी पाळी सुरू होते आणि तुम्ही मला झोपवता. मला काही नको, उशाचा छोटा दिवा राहू दे आणि एक बिस्किट दे." पाचनंतर खायला द्यायला बंदी आहे. मी रोज माझ्या चहाचं बिस्किट त्यांच्या उशीखाली ठेवू लागले. त्या ते इतकं हळू खायच्या की चावल्याचा आवाजही येत नसे. मला बरं वाटायचं. त्यांचं पोट आणि माझं पोट एकाच घड्याळावर होतं.

कोणी मला विचारलं नव्हतं. कोणाला संशयही नव्हता. पण मी स्वतःच जाऊन मोठ्या बाईंना सांगितलं.

त्या रागावल्या नाहीत. "सांगितलंस ते छान केलंस," म्हणाल्या. मग आजींच्या उशाचा दिवा काढून नेला. डॉक्टरांना विचारून संध्याकाळची गोळी वाढवली. आणि त्यांच्या मुलीला कळवलं की आई रुळेपर्यंत भेटायला येऊ नका. इथला नियमच आहे तो. मोठ्या बाई म्हणतात, "घरचं माणूस भेटलं की आतलं घड्याळ पुन्हा बिघडतं." मी विचारलं, रुळलं हे ओळखायचं कसं? त्या म्हणाल्या, "किती वाजले हे विचारायचं बंद होतं."

आजींनी मला विचारलं, "तू सांगितलंस?" मी हो म्हटलं. मग म्हणाल्या, "नाही म्हण ना. खोटं तरी बोल माझ्याशी." मी नाही म्हणू शकले नाही.

सांगायला सुरुवात केलीच आहे तर हेही सांगायला हवं. दर रविवारी दादा मला ऑफिसातून तुझ्या नकळत फोन करतो. त्याचा दोष नाही, मीच फोनची वाट बघते.

आत्या, मला घरी यायचं आहे. तू म्हणशील त्या वेळेला उठेन, म्हणशील ते काम करीन. तुला न विचारता मी येणार नाही, हे तुला माहीत आहे. म्हणून विचारते. एकदा "ये" म्हण.

शंकासुर


११ ऑगस्ट, रात्री

शंकासुरा,

दहापैकी सहा. गोधडी मळण्याचा भाग चांगला उतरला. शेवट भिकार. अक्षर वाकडं आलं आहे. रडताना लिहू नये, कागद फुगतो आणि पोस्टमनला कळतं.

"ये" म्हणणार नाही.

तुमच्या मोठ्या बाई शहाण्या आहेत. मला आयुष्यात एक तरी अशी मैत्रीण मिळायला हवी होती. घरचं माणूस भेटलं की घड्याळ बिघडतं, हे किती खरं आहे! मी इथे डोकं फोडते आहे की पोरगी अजून का लागत नाही मार्गाला, आणि हा शहाणा दर रविवारी तिकडे घराचा वास पाठवतोय. त्याला समोर उभं करून विचारलं. आधी नाही म्हणाला. मी तुझं पत्र पुढे धरलं. बायकोसमोर कानापर्यंत लाल झाला. फोन आजपासून बंद. तू रुळेपर्यंत. नियम तुमचाच आहे, मी फक्त पाळते.

आजींना खोटं सांगितलं नाहीस, ते योग्य केलंस. माझ्या हाताखालून गेल्याचं कुठेतरी दिसायला हवं ना.

आत्या


९ जानेवारी, दुपारी

आत्या,

नमस्कार. तुझी तीन पत्रं आली. उत्तर दिलं नाही कारण मोकळा वेळ झोपण्यात जातो. हे कारण आहे, सबब नाही.

चमच्याच्या शंकेचं उत्तर मिळालं. आता खरंच जेवते. पाच वाजायच्या आधीच तोंडाला पाणी सुटतं. सहाला खोलीत जाते आणि भिंतीकडे तोंड करून झोपते, म्हणजे पडद्याची फट दिसत नाही. हल्ली त्याचीही गरज नाही. थंडीत सहालाच अंधारून येतं. पडद्याचे चिमटे टोपलीत पडून आहेत.

तुमची पानं मांडायची वेळ कधी होऊन जाते ते कळत नाही.

पाववाल्या आजी रुळल्या. हात थांबले. परवा त्यांच्या मुलीला भेटायला परवानगी दिली. ती येऊन समोर बसली, म्हणाली, "आई, मी आले." आजी तिच्या खांद्यावरून जेवणाच्या गाडीकडे बघत होत्या. जाताना मुलीने आमचे आभार मानले. आईला इतकं शांत कधी पाहिलं नव्हतं, म्हणाली.

मोठ्या बाईंनी नव्या माणसांना रुळवायचं काम आता माझ्याकडे दिलं आहे. माझा हात चांगला आहे म्हणतात.

घरी यायची परवानगी मागितली होती, ती मागे घेते. तू म्हणाली होतीस तसंच झालं.

शंकासुर


१८ फेब्रुवारी, ऑफिसातून

छोटे,

फोन करत नाही, सवय मोडली. तुझ्यावर तेव्हा रागावलो होतो, आता नाही.

मुलगी झाली, हे आत्याने कळवलं असेल. बाकीचं कळवलं नसेल. तान्ही रात्री जरा डोळे मिटते न मिटते तोच आत्याचं मोठ्याने वाचन सुरू. मी जाऊन विनवलं तर म्हणाली, "तिचे कान आत्तापासून तयार होऊ देत." तुझ्या वहिनीला सलग झोप मिळालेली नाही. चालताना भिंतीला धडकते. मागच्या आठवड्यात आत्याने चहा ठेवला आणि वाचता वाचता झोपली. भांडं जळून काळं, घरभर धूर. मी बोललो तर म्हणते, "धूर झाला म्हणून तरी उठलात सगळे."

गावाबाहेर एक आश्रम आहे, तुझ्या तिथल्यासारखाच. ही म्हणते, बघून तरी या. मी बघून आलो. माझं मन होत नाही. आई गेल्यावर तिनेच आपल्याला मोठं केलं. तू हेच काम करतेस, तुला आतलं माहीत आहे. तू नको म्हणालीस तर विषय संपला, मी हिची समजूत घालीन. हो म्हणालीस तर नेतो. तुझ्यावर सोडतो. आत्याला कळू देऊ नकोस.

दादा


६ मार्च, दुपारी

दादा,

पत्र मिळाल्यापासून विचार करते आहे. नको म्हणायला प्रामाणिक कारण शोधलं. मला वाईट वाटेल, एवढंच सापडलं, आणि ते कारण नव्हे. तान्हीचा आणि वहिनीचा जीव जास्त मोलाचा. म्हणून हो.

काही गोष्टी पाळ. सकाळी ने, म्हणजे संध्याकाळपर्यंत ती थकेल. "चार दिवसांसाठी" असं सांगू नकोस, ते खोटं होईल. काहीच सांगू नकोस. तिचा वाचायचा दिवा घरीच ठेव. मनगटावरचं घड्याळ "दुरुस्तीला देतो" म्हणून काढू नकोस, तेही खोटं होईल. सरळ माग. देईल. निघताना वळून बघू नकोस.

आणि ती रुळेपर्यंत भेटायला जाऊ नकोस. कितीही निरोप आले तरी. आधी ती रागावेल, मग टोमणे मारील, मग गोड बोलायला लागेल. गोड बोलायला लागली की थोडंच राहिलं असं समज. सगळे त्याच क्रमाने जातात. मी पाहिलं आहे.

छोटी


२४ एप्रिल (तारीख इथल्या बाईला विचारून घातली आहे)

माझ्या शहाण्या मुली,

तुझ्या दादाने मला कुठे आणून टाकलं आहे ते त्याने तुला सांगितलं नसेल. सांगायला तोंड हवं. मी आश्रमात आहे. हा सगळा तुझ्या वहिनीचा कारभार. घराला पाय लागायच्या आधीच तिने त्याचे कान धरले होते. तो बिचारा मान खाली घालून माझी बॅग उचलत होता. घड्याळ माग म्हणून तिनेच पढवलं असणार, नाहीतर त्याला कुठलं सुचायला.

तू लिहायचीस ते वाचून मी हसत असे. बाई गं, ते सगळं खरं आहे! पाचला जेवण. भात की खळ, ते ओळखून दाखवणाऱ्याला बक्षीस द्यावं. पहिल्या दिवशी मुलगी कवळीसाठी वाटी घेऊन आली. मी म्हटलं, "माझे दात माझेच आहेत, निघत नाहीत." तर वाटी तशीच ठेवून गेली, नियम म्हणून. सहाला अंथरुणात. बाहेर भाजीवाला ओरडतोय, बायका घासाघीस करतायत, आणि इथे कोणीतरी माझ्यावर पांघरूण घालून जातं. मी म्हटलं, "अहो, दिवस आहे." ती म्हणाली, "झोपा आजी."

मी आजी कोणाची गं?

मला झोप येत नाही. दिवा नाही. मनात पाठ असलेलं सगळं म्हणून झालं. तुझ्या लहानपणीचे पाढेसुद्धा म्हटले. मग नुसती पडते. किती वाजले विचारलं तर कोणी सांगत नाही. तुला हे कळेल, दुसऱ्या कोणाला कळणार नाही, कारण तू यातून गेली आहेस.

दादा तुझं ऐकतो. त्याला लिही. मी वाचणार नाही मोठ्याने. चुलीजवळ जाणार नाही. सांगाल तेव्हा जेवीन, नऊला म्हणालात तर नऊला दिवा मालवीन. बाळाला एकदा मांडीवर घेऊ दिलं तर पुरे. तुझ्या सगळ्या पत्रांना दहापैकी दहा. त्या वेळी मी "ये" म्हणायला हवं होतं. तू आता म्हण. एकदा "ये" म्हण, पोरी.

तुझीच
आत्या


१५ मे, दुपारी

आत्या,

नमस्कार. पत्र नीट वाचलं, दोनदा.

वहिनीला दोष देऊ नकोस. दादाने मला विचारलं आणि मी हो म्हणाले. नको म्हटलं असतं तर त्याने तुला नेलं नसतं. दिवा घरी ठेवायला आणि घड्याळ मागायला मीच सांगितलं. तुला हे न सांगताही चाललं असतं, पण आपण एकमेकींना खोटं लिहीत नाही.

"ये" म्हणणार नाही.

तुला उपयोगी पडेल ते लिहिते. पाचला पोटभर खा, चव बघू नकोस. अर्धपोटी राहिलीस तर नंतर भूक लागते आणि तेव्हा कोणी येत नाही. किती वाजले ते विचारू नकोस, उत्तर मिळालं तर जास्त त्रास होतो. भिंतीकडे तोंड करून झोप. पाढे म्हणू नकोस, जाग येते. मी लहान असताना बाटलीला तोंड फिरवायचे, ते तू लिहिलं होतंस. मला इथे त्याचा फार आधार झाला. मरत नाही कोणी. चार दिवस जड जातात.

दादाला मी भेटू नकोस असं सांगितलं आहे. तो येत नाही म्हणजे विसरला असं समजू नकोस. तू रुळेपर्यंतच.

आमच्याकडे पाववाल्या आजींची खोली रिकामी झाली. तिथे नवीन बाई आल्या आहेत, सारख्या घरी जाते म्हणतात. त्यांच्याकडे जायची वेळ झाली.

मार्क देणं मला शोभणार नाही. पण कागद फुगला होता.

तुझी
शंकासुर


मुली,

पत्र मिळालं. बरी आहे. जेवण चांगलं असतं, पाचला असतं. बाई चांगल्या आहेत. भिंतीकडे तोंड करून झोपते. काही पाठवू नकोस.

आत्या


३ ऑगस्ट, दुपारी

दादा,

आत्याचं पत्र सोबत पाठवते. वर तारीख नाही. मी पाकिटात हात घालून पाहिलं, एखादी वेगळी चिठ्ठी असेल म्हणून. मग कागद उलटा करून पाहिला. नाही.

ती रुळली. आता भेटायला जायला हरकत नाही. वहिनीला आणि बाळालाही ने, तिला त्रास होणार नाही.

मात्र पाचच्या आत जा. नंतर तिची रात्र असते.

छोटी